बॉल पायथन सात आठवडे उपाशी: भरवण्याआधी काय बघायचं

लातूरहून आलेला तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रूममेट नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, खोलीवरच राहिला. घरमालक म्हणाला, साप तरी जाईल नाहीतर तुम्ही तरी. म्हणून तुम्ही तो आपल्या घरी आणला. आता तो माशांच्या काचेच्या टाकीत आहे, वर शंभर वॉटचा बल्ब, आत पाण्याची एक वाटी. आणल्यापासून सात आठवडे त्यानं तोंडाला काही लावलेलं नाही. जिवंत पांढरा उंदीर सोडून पाहिला, चिकनचा तुकडा ठेवला, अंडं ठेवलं, आणि शेजारच्या काकूंनी फारच धोशा लावला म्हणून सिरिंजनं थोडं दूधही तोंडात सोडलं. अजून किती दिवस वाट पाहू आणि तोंड उघडून भरवू का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नाही, भरवू नका. पहिल्याचं उत्तर दिवसांत देता येत नाही, ते ग्रॅममध्ये द्यावं लागतं. कसं ते खाली सांगते.

मी परभणीत जनावरांची डॉक्टर आहे. माझ्याकडे गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री जास्त. साप येतात ते बहुतेक सर्पमित्रांच्या हातून, नांगराच्या फाळानं कापलेले नाहीतर जाळीत अडकलेले. अलीकडे मात्र हौसेनं आणलेले आणि मग नकोसे झालेले विदेशी सापही येऊ लागलेत, आणि त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, "खात नाही." प्रत्यक्षात तक्रार अन्नाची क्वचितच निघते. सापाला जागा पटलेली नसते. थंडी असते, लपायला काही नसतं, अंगात पाणी नसतं. हे तिन्ही सुधारेपर्यंत तुम्ही पुढ्यात काहीही ठेवलं तरी तो तोंड फिरवणार.

पण त्याही आधी एक गोष्ट पक्की करा. हा खरंच बॉल पायथन आहे ना? रूममेटनं सांगितलं म्हणजे झालं असं नाही. आपल्याकडे घोणशीचं पिल्लू अजगराचं म्हणून उचलणारे आणि चावून घेणारे लोक काही कमी नाहीत. बॉल पायथन आखूड आणि जाड असतो, पूर्ण वाढला तरी साधारण तीन ते पाच फूट. मान बारीक, डोकं लहान, काळपट तपकिरी अंगावर फिकट मातकट गोलसर ठिपके, आणि डिवचलं की डोकं मधे घालून अंगाचा गोळा करतो. कृत्रिम पैदाशीतल्या रंगांमुळे ठिपके वेगळेही दिसतात, म्हणून रंगावर फार विसंबू नका. शंका असेल तर हात न लावता फोटो काढून जाणकार सर्पमित्राला दाखवा. भारतीय अजगर, मांडूळ, दुरक्या घोणस किंवा दुसरा कुठलाही आपल्याकडचा साप निघाला तर तो घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. मग खाण्यापिण्याचा विचार सोडा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा. पुढचं सगळं तो बॉल पायथनच आहे असं धरून लिहिते.

आता ग्रॅमचा हिशेब. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. साप उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून वजन करा, मग रिकाम्या अभ्र्याचं वजन वजा करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. पूर्ण वाढलेला, अंगानं भरलेला बॉल पायथन काही महिने न खाताही ठणठणीत राहतो. हिवाळ्यात, विशेषतः नर, जोडीच्या दिवसांत स्वतःहून उपवास धरतात. त्यामुळे १,२०० ग्रॅमचा साप सात आठवड्यांत १,१६० वर आला असेल तर माझ्या मते घाबरण्याचं कारण नाही. तोच १,०८० वर, म्हणजे दहा टक्के खाली आला तर डॉक्टरला दाखवायची वेळ झाली. पिल्लाचं गणित वेगळं. शंभर-दीडशे ग्रॅमच्या जिवाकडे साठा कसला? तिथे मी इतकी वाट बघणार नाही. तुम्ही आणलं तेव्हाचं वजन तुमच्याकडे नसणार, रूममेटकडेही बहुधा नसेल. त्याला एवढं तरी विचारा: शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं (छोटे उंदीर की रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर), जिवंत की मेलेलं. या तीन उत्तरांनी निम्मं काम होतं. आणि हात पाठीवरून फिरवून बघा. धड गोलसर लागत असेल तर ठीक. पाठीचा कणा धारेसारखा वर येऊन दोन्ही बाजू उतरत्या लागत असतील तर साप सात आठवड्यांच्याही आधीपासून उपाशी आहे.

आता टाकी. लातुरात या थंडीच्या दिवसांत रात्री बाहेर दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं आणि पत्र्याच्या खोलीत आतही फार फरक नसतो. जुनं माळवदाचं घर असेल तर थोडी ऊब टिकते. तुमचा बल्ब वरची हवा तापवतो आणि तिच्यातली ओल खेचून घेतो, पण साप ज्या काचेवर पोट टेकून बसलाय ती थंडच राहते. रात्री बल्ब बंद केला की टाकी गार, चालू ठेवला की डोळ्यांवर उजेड, आणि हा तर रात्री फिरणारा प्राणी. सापाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. पोटातलं अन्न पचवायला त्याला बाहेरची ऊब लागते. थंड सापानं उंदीर गिळलाच तर तो पोटात सडतो आणि तीन-चार दिवसांनी उलटून बाहेर येतो. त्यातून सावरायला सापाला उपासापेक्षा जास्त जड जातं. त्यामुळे थंडीत न खाणं हे आजाराचं लक्षण धरू नका, तो आपला जीव वाचवतोय.

टाकीच्या एका बाजूला तळ ३१ ते ३२ अंश हवा, दुसऱ्या बाजूला २५ ते २७, आणि रात्री कुठेही २४ च्या खाली नको. यासाठी टाकीखाली, बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाला हीट मॅट लावा. सरपटणाऱ्या प्राण्यांची ऑनलाइन मिळते. कंबर शेकायचं हीटिंग पॅड वापरू नका. काही पॅड मधेच बंद पडतात, काही इतके तापतात की पोट भाजतं. सापाला खालून भाजतंय हे वेळेत कळत नाही, तो तसाच बसून राहतो. म्हणून मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट बंद-चालू करणारं यंत्र, पाहिजेच. महागडा लागत नाही. कोंबडीची अंडी उबवायच्या मशीनला लावतात तो डिजिटल थर्मोस्टॅट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्याचा सेन्सर उबदार बाजूच्या तळाशी चिकटवा, हवेत लोंबता ठेवू नका. लाईट गेली तर? थर्माकोलच्या खोक्याला भोकं पाडून साप अभ्र्यासकट त्यात ठेवा आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला. रात्र निघून जाते.

ऊब झाली, आता आडोसा. हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिनकडचा. तिथे तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दडून असतो. अशा प्राण्याला चारी बाजूंनी उघड्या काचेत ठेवलं तर त्याला चोवीस तास कोणीतरी धरायला आलंय असंच वाटत राहतं. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा चिकटवा. आत दोन आडोसे ठेवा, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला, म्हणजे त्याला ऊब आणि लपणं यांतलं एक निवडावं लागणार नाही. आणि आडोसा मोठा नको. वेटोळं घालून बसल्यावर पाठ आणि कुशी भिंतीला टेकल्या पाहिजेत. मी कुंभाराकडची छोटी मडकी वापरते. तोंडाची कड फोडून दार रुंद करायचं, धारदार कडा दगडावर घासून बोथट करायच्या, आणि मडकं उपडं ठेवायचं. शोभेच्या प्लास्टिकच्या गुहेपेक्षा हे स्वस्त, आणि मातीमुळे आत थोडी ओलही धरून राहते.

छत्रपती संभाजीनगरच्या एका फ्लॅटमधून माझ्याकडे अशीच एक मादी आली होती. तिच्या मालकानं मोठी, देखणी टाकी केली होती, आत फांद्या, दिवे, सगळं. ती एका कोपऱ्यात तोंड खुपसून बसायची. मी तिला वर्तमानपत्र अंथरलेल्या साध्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवलं आणि एक मडकं दिलं. आत गेली ती बाहेर येईना. काही दिवसांनी संध्याकाळी दिवा मालवल्यावर मडक्याच्या दारात फक्त नाकाचं टोक दिसायला लागलं, जीभ हळूहळू आतबाहेर. हे दिसलं की समजायचं, आता विचारायला हरकत नाही. चिमट्यात धरलेला कोमट उंदीर दारापासून वीतभर लांब होता, तोवर मान इंग्रजी एससारखी आखडली आणि पुढच्या क्षणी उंदीर मडक्यात गायब. मालकाला टाकीवरचा खर्च आठवून वाईट वाटलं, ते साहजिक आहे.

पाण्याचं पटकन सांगते. वाटी काढा, जड कुंडं ठेवा, ज्यात साप वेटोळं घालून बसू शकेल आणि जे त्याला उलथता येणार नाही. हवेत ओल ५५ ते ६५ टक्के हवी, कातीच्या वेळी त्याहून थोडी जास्त. टाकीच्या वरच्या जाळीचा अर्धा-अधिक भाग झाकला तर ओल टिकते. झाकण लागेल अशा प्लास्टिकच्या डब्याला दार पाडून त्यात भिजवून पिळलेलं कोकोपीट ठेवलं की ओला आडोसाही तयार होतो. तळाला सध्या वर्तमानपत्रच बरं, विष्ठा आणि सापाच्या अंगावरचे बारीक किडे (माइट) लगेच दिसतात. वखारीतला भुसा नको, त्याची धूळ आणि राळ फुफ्फुसाला त्रास देते. मार्चनंतर तुमचा प्रश्न उलटा होईल. बाहेर ४२ अंश आणि हवा कोरडी ठाक. तेव्हा टाकी जमिनीवर, भिंतीच्या सावलीत ठेवा. कूलर त्याच खोलीत चालू द्या, पण झोत टाकीवर नको. टाकीत ३५ च्या वर जायला लागलं की जिवाला धोका. म्हणून उन्हाळ्यात थर्मामीटरकडे हिवाळ्यापेक्षाही जास्त लक्ष.

हे सगळं केल्यावर किमान एक आठवडा त्याला एकटं सोडा. हाताळायचं नाही, मित्रांना दाखवायचं नाही, रोज उंदीर पुढ्यात धरायचा नाही. पाणी बदलायचं आणि निघायचं. सात आठवड्यांत तुम्ही जे जे करून पाहिलंत, त्यातला प्रत्येक प्रयत्न त्याच्यासाठी एक धक्का होता.

या आठवड्यात लांबून निरीक्षण करा. डोळे दुधाळ निळसर दिसतायत का? मग कात यायची आहे, तोवर बहुतेक साप खात नाहीत. कात पडल्यावर डोळ्यांवरची टोपी, म्हणजे कातीचा पारदर्शक पापुद्रा, निघाली की नाही ते बघा, राहिली असेल तर नखानं सोलू नका. पाण्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके तरंगतायत का? ते माइट. तोंड उघडं ठेवून श्वास घेतो, शिट्टीसारखा आवाज येतो, नाकपुडीवर बुडबुडे आहेत? तुमच्या बाबतीत हे मी मुद्दाम विचारते आहे. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या जवळ, जबड्यात अगदी पुढेच असतं. सिरिंजनं सोडलेलं दूध सरळ फुफ्फुसात उतरू शकतं. पोटात गेलं तरी साप ते नीट पचवू शकत नाही. नागपंचमीला टोपलीतल्या नागाला दूध पाजतात तेव्हा तो तहानेनं व्याकूळ झालेला असतो म्हणून पितो, आवडीनं नव्हे. काकूंना एवढं समजावून सांगा. त्याखेरीज हिरड्या लाल, तोंडात दह्यासारखा पू, पोटाच्या मध्यावर सूज, किंवा डोकं सरळ धरता न येणं, यातलं काहीही दिसलं तर घरी उपाय करत बसू नका.

तुम्ही लातूरचे, तर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. इकडे यायचं असेल तर परभणीलाही आहे. जाण्याआधी फोन करून सापाची केस बघणारं कोणी त्या दिवशी आहे का ते विचारा. ताजी विष्ठा मिळाली तर स्वच्छ डबीत घेऊन जा, जंतांची तपासणी होते. मात्र मेडिकलमधून गुरांचं जंताचं औषध आणून अंदाजानं देऊ नका. वाळलेल्या, उपाशी सापाला जंतनाशक आधी आणि पाणी नंतर हा क्रम महागात पडतो. भूक लागायचं टॉनिक टोचा म्हणणारेही भेटतील. सापाला इंजेक्शन शक्यतो धडाच्या पुढच्या भागातच देतात, कारण मागच्या भागात टोचलेलं औषध आधी मूत्रपिंडातून जातं. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातात सुई देऊ नका.

आता जेवण. चिकनचा तुकडा आणि अंडं विसरा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. त्याला अंधारात उबदार, केसाळ, उंदराच्या वासाचा आकार "दिसतो". गार चिकन त्याच्या लेखी दगडासारखं. शिवाय हाडं आणि आतडी नसलेलं नुसतं मांस पोसायला पुरतही नाही. जिवंत उंदीर तर मी उपाशी सापापुढे अजिबात सोडत नाही. साप खायच्या मनःस्थितीत नसला तर तासाभरात उंदीरच सापाची पाठ कुरतडायला लागतो, आणि पाठीचा कणा उघडा पडलेले साप मी टाके घालून शिवलेत. घरात पकडलेला उंदीर तर नकोच. त्याच्या पोटात कुणाच्या तरी शेतातलं उंदराचं औषध असू शकतं आणि जंत तर असतातच. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले उरलेले उंदीर मागणारेही असतात. त्या उंदरांना काय टोचलेलं असेल ते तुम्हाला कोण सांगणार? पाळीव उंदीर पैदास करणाऱ्याकडून नीट मारून गोठवलेले घ्या. ते घरच्या फ्रीजरमध्ये मटाराशेजारी ठेवल्यावर श्रावणात काय होईल ते तुमचं तुम्ही बघा. मी वेगळा डबा आणि वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी, एवढाच तोडगा काढू शकले.

उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात ठेवून वितळवा. मग झिपच्या पिशवीत घालून सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा, वरचं अंग ३८ ते ४० अंश आणि आतही गार लागता कामा नये. डोकं जरा जास्त कोमट राहू द्या, साप डोक्याकडून धरतो. उकळतं पाणी किंवा मायक्रोवेव्ह नको, उंदीर शिजतो, फुटतो. पुसून कोरडा करा. वेळ दिवेलागणीनंतरची, खोलीत अंधार. लांब चिमट्यानं शेपटीकडून धरून आडोशाच्या दारासमोर हळू हलवा, तोंडावर आपटू नका. मान मागे घेऊन आत वळला तर थांबा. उंदीर दाराशी ठेवा आणि सकाळी नसेल खाल्ला तर टाकून द्या, पुन्हा गोठवू नका. पुढचा प्रयत्न सात ते दहा दिवसांनी, त्याआधी नाही.

आकार मुद्दाम लहान ठेवा. नेहमीच्या सापाला धडाच्या सर्वात जाड भागाएवढा उंदीर चालतो. इतक्या दिवसांच्या उपासानंतर मी त्याच्या निम्म्यानं सुरुवात करते. उपाशी शरीराला एकदम मोठं जेवण दिलं की रक्तातले क्षार ढासळतात, माणसांतही हेच होतं. तो आधी छोटे उंदीर खात होता आणि तुम्ही रॅट देत असाल, किंवा उलट, तर तो ओळखतच नसेल. बॉल पायथन या बाबतीत फार हेकट असतात. रूममेटला विचारलेलं उत्तर इथे उपयोगी पडतं. जुना पदार्थ मिळत नसेल तर नव्यावर जुन्याचा वास चोळा, म्हणजे उंदराच्या पिंजऱ्यातलं गवत त्या रॅटला घासा. कधीकधी कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लाचं लव घासूनही जमतं. हा सगळा खटाटोप दोन-तीन वेळा फसला आणि वजन मात्र टिकून आहे, तर मी पुन्हा थांबते आणि थर्मामीटरचे आकडे तपासते.

जबरदस्तीनं भरवणं कुणी करावं? डॉक्टरांनी, आणि तेही वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, अंगातलं पाणी भरून काढलं, ऊब नीट आहे आणि आजार धरलाय किंवा साप पिल्लू आहे, अशा वेळी. घरी जबडा उघडताना दात तुटतात, हिरडी सोलते, त्यातून तोंडाचा आजार होतो आणि साप तुमचा हात बघितला तरी दडून बसतो. तुमच्या सापाबद्दल तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून तो तिथवर पोचलाय असं मला वाटत नाही. वजन कळेपर्यंत माझं मत एवढंच.

खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका, फोटोसाठी मडकं उचलू नका. उलटून पडलं तर दोन आठवडे काही देऊ नका, पाणी आणि ऊब सांभाळा आणि मग आणखी लहान उंदरानं सुरुवात करा. दुसऱ्यांदा उलटलं तर विष्ठेची तपासणी करायलाच हवी. टिकलं तर पुढचं जेवण दहा दिवसांनी, तेवढंच. तीन जेवणं व्यवस्थित पचली की आकार वाढवा.

एक कागदोपत्री काम राहिलं. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथनसारख्या विदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. तुमच्या रूममेटनं नोंद केली होती का ते आजच विचारा. केली नसेल तर लातूरच्या वनविभागाच्या कार्यालयात जाऊन सगळं खरं सांगा आणि पुढे काय करायचं ते विचारा. साप पाळायचा नसेल तर कसा सोपवायचा, तेही तिथेच विचारा. गावाबाहेर माळावर सोडून येऊ नका, आफ्रिकेतला साप आपल्या हिवाळ्यात मरतो आणि जगला तर आपल्या सापांना त्याचे आजार देतो. कळवाल तेव्हा तीन गोष्टी लिहा: वजन, टाकीच्या दोन्ही टोकांचं तापमान, आणि रूममेट त्याला काय खायला घालत होता.